बायोलॉजिकलच्या आधी टीबीची तपासणी केली आणि ती पॉझिटिव्ह आली. आता?

रानजाई

नमस्कार मंडळी. एरवी मी बागकाम आणि पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज जरा वेगळा विषय.

मला सहा वर्षांपासून आमवात आहे (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस). वय ४३, काम शिकवण्याचं. सकाळी उठल्यावर तासभर बोटं मिटत नाहीत आणि गेल्या वर्षापासून फळ्यावर लिहिणं जवळजवळ बंदच झालंय. रविवारची मेथोट्रेक्सेट, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड, जोडीला एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन), सगळं करून झालं. आता डॉक्टर म्हणतात अडालिमुमॅब नावाचं बायोलॉजिकल (जिवंत पेशींकडून बनवून घेतलेलं प्रथिनाचं औषध) सुरू करू. पंधरा दिवसांतून एकदा पोटाच्या कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन. ते टीएनएफ नावाच्या सायटोकाइनला अडवतं म्हणे.

त्याआधी छातीचा एक्स-रे, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही आणि टीबी गोल्ड एवढ्या तपासण्या सांगितल्या. बाकी सगळं ठीक, टीबी गोल्ड पॉझिटिव्ह! मला ना खोकला, ना ताप. वजन उलट दोन किलो वाढलंय. एक्स-रे स्वच्छ. तरी आधी टीबी प्रतिबंधाच्या गोळ्या आणि मग महिन्याभराने इंजेक्शन, असं ठरलंय. माझ्यामागे ओपीडीत वीस माणसं ताटकळली होती, त्यामुळे "हे का?" एवढंच विचारता आलं आणि "प्रतिकारशक्ती कमी होते ना, म्हणून" एवढंच उत्तर मिळालं.

घरी सांगितल्यावर आईचा चेहरा पडला. "आपल्याकडे कुणाला नव्हता हो टीबी." सासूबाईंचा सवाल तर बिनतोड होता: "लोक प्रतिकारशक्ती वाढवायला च्यवनप्राश खातात आणि तुझे डॉक्टर ती कमी करायला निघालेत. वर त्याचे पैसे घेणार!"

मला गोळ्या-इंजेक्शनचा सल्ला नकोय, तो डॉक्टर देतील. पण हा टीएनएफ नक्की करतो काय? एकाच पदार्थामुळे सांधे दुखतात आणि त्याच पदार्थामुळे टीबी आवरला जातो, हे कसं? कुणी समजेल असं सांगेल का?

वडगावकर

बायकोला मणक्याच्या आजारासाठी हेच इंजेक्शन चार वर्षं चालू आहे. तिचीही टीबी गोल्ड पॉझिटिव्ह होती. गोळ्यांचा कोर्स केला, आता ठणठणीत. फ्रीजमध्ये ठेवायचं पण फ्रीझरमध्ये नाही, एवढं लक्षात ठेवा. आमच्याकडे पहिलं इंजेक्शन फ्रीझरच्या कप्प्यात गोठून वाया गेलं होतं. कोणी ठेवलं ते विचारू नका.

नळीफुंकणी

रानजाईताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तेव्हा तपासणीपुरतं मी सांगते.

टीबी गोल्डमध्ये टीबीचा जंतू शोधतच नाहीत. तुमच्या पेशींची आठवण तपासतात. रक्त चार नळ्यांत घेतात. एक नळी कोरी. दोन नळ्यांत टीबीच्या जंतूतल्या खास प्रथिनांचे तुकडे असतात. चौथीत असं रसायन असतं की धडधाकट पेशी हमखास चवताळतील. नळ्या दहादा हलवायच्या, आतली भिंत सगळीकडून ओली होईल इतपत. फार जोरात हलवल्या तर आतली जेल फुटते आणि निकाल बिघडतो. नवीन मुलांना हे शिकवता शिकवता माझे केस पिकले. मग ३७ अंशांवर १६ ते २४ तास ठेवतात.

तुमच्या टी-पेशींनी (ह्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) पूर्वी कधी टीबीचा जंतू पाहिला असेल तर त्या ते तुकडे ओळखतात आणि इंटरफेरॉन गॅमा (हाही एक सायटोकाइनच) सोडतात. आम्ही मोजतो तो हाच. कोऱ्या नळीपेक्षा ०.३५ युनिट किंवा त्याहून जास्त आला की पॉझिटिव्ह. चौथ्या नळीतही काही आलं नाही, तर पेशीच थकलेल्या आहेत असं समजून "अनिर्णित" लिहून पाठवतो.

थोडक्यात तुमचा रिपोर्ट एका सायटोकाइनचं मोजमाप आहे, आणि तो आला म्हणून दुसऱ्या सायटोकाइनला अडवणारं औषध महिनाभर लांबलं! लहानपणी टोचलेल्या बीसीजी लशीमुळे मांटूची (कातडीत टोचून करतात त्या टीबी तपासणीची) गाठ फुगू शकते, ही तपासणी तशी फसत नाही. बीसीजीच्या जंतूत ती खास प्रथिनं नसतात.

आणि आईंना सांगा, घरात कुणाला असायची गरज नाही. आपल्या देशात मोठ्या माणसांपैकी साधारण तिघांत एकाच्या अंगात हा जंतू निपचित पडलेला असतो. लोकलमध्ये, एसटीत, शाळेत, कुठेही शिरलेला असू शकतो.

अर्धवट_वैद्य

छान लिहिलंय. पुढचं मी घेतो. (सोलापुरात फिजिशियन आहे. सांध्यांचा तज्ज्ञ नाही, चुभूदेघे.)

सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेला सांगावा. छोटी प्रथिनं असतात, बहुतेक जवळच्या जवळ काम करतात आणि लवकर संपतात. सांगावा घ्यायला समोरच्या पेशीवर नेमका ग्राहक (तो पकडणारं प्रथिन, रिसेप्टर) असावा लागतो. तो नसेल तर सांगावा दारावरून पुढे जातो. मिळाला तर आतमध्ये एकातून दुसऱ्या प्रथिनाला निरोप जात जात शेवटी केंद्रकातली काही जनुकं जागी होतात. गंमत अशी की एकच सांगावा वेगवेगळ्या पेशींना वेगळं काम लावतो. टीएनएफ रक्तवाहिनीच्या अस्तराला सांगतो, "सैल हो, पांढऱ्या पेशींना बाहेर पडू दे." आयएल-६ (आयएल म्हणजे इंटरल्युकिन, हेही सांगावेच) यकृताला सांगतो, "सीआरपी बनव." (सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन.) आयएल-१, आयएल-६ आणि टीएनएफ मिळून मेंदूतल्या तापमानाच्या ठाण्याजवळ प्रोस्टाग्लॅंडिन तयार करवतात आणि ताप चढतो. पॅरासिटामॉल शेवटच्या पायरीवर आडवं येतं, म्हणून ताप उतरतो पण आजार तिथेच असतो. तापात अन्न नको वाटणं, डोळे मिटून पडावंसं वाटणं, हेही ह्याच मंडळींचं काम.

आता टीबी. हा जंतू मोठा हुशार. ज्या मॅक्रोफेज पेशीने त्याला गिळलं, तिच्याच पोटात तो मुक्काम ठोकतो. शरीर दर वेळी त्याला मारू शकत नाही, मग कोंडतं. टी-पेशी इंटरफेरॉन गॅमा धाडून मॅक्रोफेजला पेटवतात आणि मॅक्रोफेज टीएनएफ धाडून आणखी सोबती बोलावतात. सगळ्या मिळून जंतूभोवती कडं करतात, त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. हा कोंडवाडा एकदा बांधला की काम संपलं, असं नसतं. पहारा चालू ठेवायला टीएनएफचा सांगावा रोज लागतो. तो तोडला की कडं ढिलं पडतं आणि आतलं जनावर मोकळं.

हे नुसतं पुस्तकी नाही. इन्फ्लिक्सिमॅब हे असंच टीएनएफविरोधी औषध १९९८ मध्ये आलं आणि २००१ मध्ये ते घेणाऱ्या ७० जणांना टीबी झाल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त जणांना फुफ्फुसाबाहेरचा टीबी होता आणि बहुतेकांना पहिल्या तीन डोसांच्या आतच झाला. तेव्हापासून आधी टीबी तपासायचा, मगच सुई, हा नियम. तुमच्या डॉक्टरांनी अगदी योग्य केलंय.

आणि सांध्यात? तिथे कोंडायला कुणी जंतूच नाही. तरी सांध्याच्या अस्तरातल्या मॅक्रोफेज तोच सांगावा रात्रंदिवस धाडत बसल्यात. अस्तर सुजतं, कूर्चा झिजते, हाड कुरतडलं जातं. सांगावा तोच आहे, फक्त चुकीच्या घरी आणि न थांबता चाललाय.

रानजाई

नळीफुंकणी, वैद्यबुवा, खूप आभार. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी "न थांबता" हा शब्द वापरला. मला अगदी तसंच वाटतं.

काकडआरती

सगळं ठीक, पण सायटोकाइन एवढे उपद्रवी असतील तर देवाने दिलेच कशाला? आणि निसर्गाने दिलेली यंत्रणा इंजेक्शनने बंद पाडण्यापेक्षा गुळवेल, तुळस, आलं ह्यांनी ती मजबूत का करू नये? आमच्याकडे २०२० पासून रोज काढा असतो. (हलके घ्या.)

अर्धवट_वैद्य

काकडआरती, "दिलेच कशाला" ह्याचं उत्तर बालरोगवाल्यांकडे मिळतं. काही बाळांना जन्मतःच इंटरफेरॉन गॅमाचा ग्राहक नसतो, किंवा तो सांगावा सुरू करणाऱ्या आयएल-१२ मध्ये दोष असतो. बाळ वरून गुटगुटीत. पण जन्मल्यावर टोचलेली बीसीजी, जी आपण सगळ्यांनी दंडावर मिरवली, ती त्याच्या काखेतल्या गाठींत आणि तिथून अंगभर पसरते. लशीतला मरतुकडा जंतूही आवरत नाही. एक सांगावा नसला तर इतकं होतं. असल्या दोषांचं निदान मुंबईत केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होतं.

काढ्याबद्दल एवढंच म्हणतो, की आमवात असलेल्या बाईला "यंत्रणा मजबूत" करायला सांगणं म्हणजे भोंगा आधीच अडकून बसलाय आणि आपण आवाज वाढवतोय. चहा म्हणून प्या की. त्यासाठी मेथोट्रेक्सेट सोडणाऱ्यांचे हात मी पाहिलेत, ते चित्र बरं नसतं.

पेशीवाला

थोडा इतिहास टाकतो, राहवत नाही. (पुण्यात संशोधन करतो, प्रबंध पाचव्या वर्षात. त्याबद्दल कृपया विचारू नये.)

पहिला सांगावा सापडला १९५७ मध्ये, लंडनच्या मिल हिलमध्ये. आयझॅक्स आणि लिंडनमन ह्यांनी मेलेला फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातल्या पटलाच्या तुकड्यांवर टाकला. त्या तुकड्यांतून असं काही झिरपलं की दुसऱ्या ताज्या तुकड्यांना जिवंत विषाणूची लागण होईना. विषाणूच्या आड येतो म्हणून इंटरफेरॉन. "सायटोकाइन" हा शब्द १९७४ चा.

टीएनएफची गोष्ट त्याहून रंगतदार. १८९१ मध्ये न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली ह्यांनी कर्करोगाच्या रुग्णांना मुद्दाम जंतू टोचले, कारण धावऱ्याचा (कातडीच्या जंतुसंसर्गाचा) ताप येऊन गेल्यावर एकाची गाठ विरघळल्याचं त्यांना जुन्या नोंदींत सापडलं होतं. पुढे १९७५ मध्ये त्याच शहरात लॉइड ओल्ड ह्यांच्या गटाने उंदरांच्या रक्तात गाठ मारणारा पदार्थ शोधला. तोच ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, टीएनएफ. आणि त्या उंदरांना आधी काय टोचलं होतं? बीसीजी! ताई, तुमच्या धाग्यातली दोन्ही पात्रं पहिल्या दिवसापासून एकत्र आहेत.

दुसरीकडे रॉकफेलर विद्यापीठात सेरामी आणि बॉयटलर परजीवींच्या आजारात जनावरं का झिजतात ते शोधत होते. सापडलेल्या पदार्थाला त्यांनी कॅकेक्टिन म्हटलं, वैद्यकात कॅकेक्सिया म्हणजे अंग खंगणं. १९८५ मध्ये कळलं, कॅकेक्टिन आणि टीएनएफ एकच. आपण टीबीला "क्षय" म्हणतो. माणूस झिजवण्यात ज्याचा हात आहे आणि जंतू कोंडण्यातही ज्याचा हात आहे, तो एकच. आपल्या पूर्वजांनी नाव लक्षणावरून ठेवलं, सेरामींनीही तेच केलं.

ह्या टीएनएफला सांध्यात अडवायची कल्पना लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमधल्या मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी ह्यांची. मैनी मूळचे लुधियानाचे. तेव्हा बहुतेकांचं मत होतं की सांध्यात डझनभर सायटोकाइन आहेत, एकाला अडवून काय होणार? बाकीचे काम पुढे चालवतील. पण रुग्णाच्या सांध्यातल्या पेशी बशीत वाढवून त्यांनी फक्त टीएनएफ अडवला, तर आयएल-१ सुद्धा खाली आला. हा साखळीतला वरचा गडी निघाला. १९९२ मध्ये पहिल्या रुग्णांना डोस दिले. बाकी पुढे वैद्यांनी सांगितलंच.

चाफा_बोलेना

वाचतेय. पेशीवाला, प्रबंध सोडा आणि असंच लिहा.

मिरजेचा_तंबोरा

"सायटोकाइन" शब्द वाचला की माझ्या पोटात अजून गोळा येतो. एप्रिल २०२१. वडील ७१ वर्षांचे, कोविडमुळे ऑक्सिजनवर. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, "सायटोकाइन स्टॉर्म सुरू आहे, आयएल-६ वाढलाय, टोसिलिझुमॅब आणा." हातात चिठ्ठी. मी आणि मेहुणा रात्रभर तीन जिल्हे फिरलो. एकाने फोनवर छापील किमतीच्या तिप्पट भाव सांगितला आणि रोख घेऊन हायवेवर बोलावलं. आम्ही गेलो, तो आलाच नाही. इंजेक्शन मिळालं नाही. वडील स्टेरॉइड आणि ऑक्सिजनवर अठरा दिवस काढून घरी आले.

इतकी वर्षं झाली, मनातून जात नाही. ते इंजेक्शन मिळालं असतं तर अठराचे आठ दिवस झाले असते का? आणि वडील वाचले नसते, तर मी स्वतःला माफ केलं असतं का?

अर्धवट_वैद्य

तंबोरा, वडील घरी आले, हे वाचून बरं वाटलं. आकडा सांगतो, त्याने थोडं हलकं वाटेल कदाचित. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत चार हजारांवर रुग्ण होते, सगळे ऑक्सिजन लागणारे आणि सीआरपी वाढलेले. टोसिलिझुमॅब मिळालेल्यांत २८ दिवसांत ३१ टक्के दगावले, न मिळालेल्यांत ३५ टक्के. म्हणजे शंभरांमागे चार जीव. हे थोडं नाही. पण हायवेवर रोख पैसे घेऊन उभं राहताना आपल्याला जे वाटत होतं, की हे मिळालं तर माणूस जगेल आणि नाही तर नाही, तसं ते कधीच नव्हतं. तुमच्या वडिलांना मिळालेलं स्टेरॉइड, बहुधा डेक्सामेथासोन, हे काही रुपयांचं औषध. त्याच चाचणीत त्याने व्हेंटिलेटरवरच्यांतले सुमारे एक तृतीयांश आणि ऑक्सिजनवरच्यांतले एक पंचमांश मृत्यू टाळले.

पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना डेक्सामेथासोनचा काहीच फायदा दिसला नाही, कल उलट तोट्याकडेच होता. पहिल्या दिवसांत विषाणू वाढत असतो, तेव्हा हे सांगावे हवेच असतात. दुसऱ्या आठवड्यात विषाणू ओसरतो आणि सांगावे थांबत नाहीत, स्टेरॉइडची वेळ ती. आपल्याकडे व्हॉट्सॲपवरची चिठ्ठी बघून दुसऱ्या दिवसापासून घरी स्टेरॉइड घेतलेले लोक मी पाहिले. त्यात साखर चारशेवर, आणि पुढे म्युकरमायकोसिस. त्या मे महिन्याबद्दल जास्त लिहवत नाही.

रानजाईताई, ह्यात तुमच्या कामाचंही आहे. टोसिलिझुमॅब आयएल-६ चा ग्राहकच झाकतं, आणि सीआरपी आयएल-६ च्या हुकमानेच बनतो. त्यामुळे ते घेतलेल्या माणसात जंतूसंसर्ग माजला तरी सीआरपी नॉर्मल दिसू शकतो. तुमचं औषध वेगळं आहे, पण पुढे कधी बदललं तर "सीआरपी छान आहे" ह्यावर विसंबू नका. ताप, खोकला, लघवीची जळजळ, काहीही असलं तर आधी फोन करा आणि त्या पंधरवड्याचं इंजेक्शन घ्यायचं का ते विचारा.

पेशीवाला

टोसिलिझुमॅबवरून एक गोष्ट सांगतोच. औषध जपानचं, ओसाकाच्या किशिमोतो ह्यांच्या आयएल-६ वरच्या कामातून आलेलं. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड नावाच्या मुलीला रक्ताच्या कर्करोगासाठी कार-टी पेशी (रुग्णाच्याच टी-पेशी, कर्करोग ओळखतील अशा बदलून) दिल्या. असा उपचार घेणारं ते पहिलं मूल. पेशींनी कर्करोगावर असा हल्ला चढवला की सायटोकाइनच्या वादळात मुलगी व्हेंटिलेटरवर गेली. आयएल-६ प्रचंड वाढलेला. ह्या उपचाराचे जनक कार्ल जून ह्यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणापासून संधिवात, त्यामुळे आयएल-६ अडवणारं सांधेदुखीचं औषध आहे हे त्यांना ठाऊक होतं. ते दिलं आणि काही तासांत ताप उतरू लागला. मुलगी बरी झाली. सांध्याच्या ओपीडीतलं औषध कर्करोगाच्या अतिदक्षता विभागात असं पोचलं. आता आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभी राहिलेली आपली कार-टी थेरपीही २०२३ मध्ये मंजूर झाली. तिथेही हे औषध हाताशी ठेवावंच लागतं.

वडगावकर

अवांतर: ताई, किमतीची चिंता असेल तर मूळ परदेशी औषधाऐवजी बायोसिमिलर (त्याच्यासारखीच बनवलेली दुसऱ्या कंपन्यांची औषधं) मिळतात, खूप स्वस्त पडतात. अडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर झायडसने आपल्याकडेच २०१४ मध्ये आणलं होतं. आम्ही पहिल्यापासून बायोसिमिलरच घेतोय.

काकडआरती

वैद्यबुवा, भोंग्याचं पटलं. काढा आता चहा म्हणूनच. पण तंबोरा ह्यांचं वाचून गप्प बसलो होतो.

रानजाई

मंडळी, आठवडा झाला. आयसोनियाझिड आणि सोबत बी-६ सुरू केलंय, अजून मळमळ वगैरे काही नाही. यकृताची तपासणी महिन्याने. अडालिमुमॅब त्यानंतर.

आईला नळीफुंकणीचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिला "पेशींची आठवण" फार आवडलं. म्हणाली, माझ्यापेक्षा तुझ्या पेशींना बरं आठवतं. सासूबाईंना मात्र सांगावा, कोंडवाडा, पहारा, सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग पहारा उठवायच्या आधी आतलं जनावर मारून का नाही घेत?" म्हटलं, अहो तेच चाललंय, त्याच तर ह्या गोळ्या! तर म्हणाल्या, "हे आधी सांगायचंस."

शेवटचा प्रश्न, नळीफुंकणीला: कोर्स संपल्यावर टीबी गोल्ड पुन्हा करून निगेटिव्ह झाली का बघायची का?

नळीफुंकणी

नको, पैसे वाचवा. कोर्स पूर्ण झाला तरी आठवण वर्षानुवर्षं राहू शकते, त्यामुळे परत पॉझिटिव्ह आली तर नुसता घोर लागेल. औषधं संपल्याची नोंद आणि हा रिपोर्ट एकाच फाइलमध्ये ठेवा. पुढे कुणी पुन्हा लिहून दिलीच, तर फाइल दाखवा. आणि लॅबमध्ये कुणी नळ्या घुसळताना दिसलं, तर माझ्या वतीने ओरडा.